सूर्यावर अंगठा ठेवून बघा

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ‘इंप्रेशन, सनराइज’ तुम्ही पाहिलेलं आहे. नाव आठवत नसेल, पण चित्र नक्की पाहिलेलं आहे. निळसर करडं धुकं, पाण्यावर दोन-तीन होड्या आणि वर नारिंगी सूर्याची टिकली. दंतवैद्याच्या वेटिंग रूममध्ये, दिवाळीला मिळणाऱ्या कॅलेंडरवर, मोबाइलच्या कव्हरवर, कुठे ना कुठे ते भेटतंच. बघणारा म्हणतो, ‘वा, काय शांत वाटतं!’

आता एक करा. मोबाइलवर ते चित्र उघडा आणि सूर्यावर अंगठा ठेवा.

सूर्य गेला की मागचं दिसायला लागतं. डावीकडे डोलकाठ्यांची दाटी. त्यांच्यामागे धुराडी, आणि धुराडांतून निघून उजवीकडे कललेला धूर. उजव्या बाजूला क्रेनचे तिरके हात आणि आणखी काही डोलकाठ्या. मधोमध पाण्याची एक मोकळी वाट आत शिरते आहे. अगदी पुढे गडद रंगाची एक होडी, तिच्यात दोन माणसं, त्यातला एक उभा राहून वल्हवतोय. तिच्यामागे दुसरी होडी थोडी फिकट, तिच्याही मागची तिसरी इतकी फिकट की ब्रश नुसता टेकवून उचललाय असं वाटावं.

ही शांतता वगैरे काही नाही. सकाळची पाळी सुरू झालेलं बंदर आहे हे. क्रेन कुरकुरत असणार, कुणीतरी कुणाला तरी ओरडून दोर फेकायला सांगत असणार, कोळशाच्या धुरानं घसा खवखवत असणार. चित्राला आवाज नसतो, म्हणून आपण ह्या सगळ्याला शांत म्हणतो.

हे बंदर कुठलं

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर, सेन नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ल आव्र नावाचं शहर आहे. पॅरिसला लागणारा परदेशी माल एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर इथूनच आत यायचा. कापूस आणि कॉफी ह्या दोन मालांसाठी तर हे बंदर फ्रान्सभर माहीत होतं. न्यूयॉर्कला जाणाऱ्या आगबोटीही इथूनच सुटायच्या.

मोने जन्मला पॅरिसमध्ये, 14 नोव्हेंबर 1840 ला, पण साधारण पाच वर्षांचा असताना घर ल आव्रला आलं आणि तो तिथेच वाढला. वडील नात्यातल्या लकाद्र कुटुंबाच्या घाऊक व्यापारात होते. किराणा माल आणि जहाजांना लागणारं सामान, असा तो धंदा. म्हणजे बंदर हा ह्या मुलाच्या घरातला रोजचा विषय. कुठलं जहाज लागलं, कुठलं अडकलं, कुणाचा माल भिजला, हे जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं असणार.

पोरवयात तो गावातल्या प्रतिष्ठितांची व्यंगचित्रं काढून विकायचा आणि ती एका फ्रेमवाल्याच्या काचेत टांगलेली असायची. त्याच दुकानाशी संबंध असलेल्या यूजेन बूदँ ह्या चित्रकारानं त्याला हाताला धरून उघड्यावर नेलं: चल, स्टुडिओत नाही, समुद्रापुढे बसून रंगव. बूदँ स्वतः दर्यावर्दी माणसाचा मुलगा. लहानपणी बोटीवर पोऱ्या म्हणून राबलेला. समुद्रकिनारा म्हणजे हवा खायची जागा, ही पॅरिसवाल्यांची समजूत. ह्या दोघांसाठी ती पोटापाण्याची जागा होती. मोनेच्या चित्राकडे बघताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं, आणि चित्रकलेच्या पुस्तकांत ते एका वाक्यात उरकलेलं असतं.

दरवाजे कधी उघडतात

आता त्या मधल्या मोकळ्या वाटेकडे या. चित्राचं कुलूप तिथे आहे.

ल आव्रला भरती-ओहोटी जबरदस्त. उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी ह्यांच्या पातळीत सात-आठ मीटरचा फरक पडतो, म्हणजे दोन मजली घर बुडेल एवढा. अशा ठिकाणी मोठं जहाज साध्या धक्क्याला बांधून ठेवलं तर ओहोटीला ते चिखलात बसेल, कलंडेल. म्हणून बंदराच्या आत बंदिस्त गोद्या बांधतात. गोदीच्या तोंडाला प्रचंड दरवाजे. भरतीला बाहेरचं पाणी आतल्या पाण्याच्या पातळीला आलं की दरवाजे उघडायचे, जहाजं आत-बाहेर करायची, आणि पाणी उतरायच्या आत दरवाजे लावून घ्यायचे. आतलं पाणी आतच राहतं, जहाजं तरंगत राहतात, माल चढ-उतार चालू राहतो.

मुंबईकराला हे नवीन नाही. बॅलार्ड पिअरच्या बाजूचा इंदिरा डॉक, म्हणजे 1914 चा अलेक्झांड्रा डॉक, ह्याच पद्धतीनं बांधलेला आहे. त्याच्या आधीचे प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक हेही दरवाजांचेच होते. आमच्या चाळीत एक टॅली क्लार्क, म्हणजे जहाजावरचा माल मोजून नोंदवणारे, काका होते, त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णयशेजारी भरतीचं वेळापत्रक टांगलेलं असायचं. ‘आज पाणी पहाटेचं आहे’ असं म्हणून ते रात्री लवकर झोपायचे. मला लहानपणी वाटायचं, त्यांच्याकडे नळाला पहाटे पाणी येतं.

तर मोनेच्या चित्रात मधोमध जी वाट दिसते, ती ल आव्रच्या आतल्या गोदीकडे नेणाऱ्या दरवाजांची. ते उघडे आहेत आणि त्यांच्या आसपास उंच डोलकाठ्यांची मोठी जहाजं आहेत. म्हणजे भरती आहे. मोठी जहाजं हलवायला भरतीच्या आगेमागे मिळून फक्त तीन-चार तास मिळायचे. एवढ्या वेळात सगळी धावपळ उरकायची.

म्हणजे ह्या चित्रात दोन घड्याळं एकाच वेळी टिकटिकतायत. एक सूर्याचं, एक पाण्याचं. सूर्य दर मिनिटाला वर चढतोय आणि पाणी थोड्या वेळात उतरायला लागणार आहे. धुक्याचा भरवसा तर त्याहून कमी. समोरचं सगळंच असं घाईत असताना चित्रकार सावकाश बसून एकेक दोरखंड कसा रंगवणार?

‘अर्धवट’ का दिसतं

जवळून पाहिलं तर हे चित्र खरंच कच्चं दिसतं. आकारही लहान आहे: 48 बाय 63 सेंटिमीटर, आपल्या घरातल्या मध्यम टीव्हीपेक्षा छोटं. रंगाचा थर बहुतेक ठिकाणी पातळ. डोलकाठ्या म्हणजे ओल्या रंगात ओढलेल्या रेघा. पाणी म्हणजे आडवे फटकारे. जाड रंग लागलाय तो मुख्यतः सूर्याला आणि पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबाला. ते प्रतिबिंब म्हणजे तरी काय, नारिंगी रंगाचे तुटक तुटक आडवे तुकडे, एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे.

त्या काळात फ्रान्समध्ये चांगलं चित्र म्हणजे काय, ह्याचे नियम पक्के होते. दरवर्षी सरकारी आश्रयाखाली ‘सालों’ नावाचं भव्य प्रदर्शन भरायचं. तिथे चित्र लागलं तर गिऱ्हाईक, नाही लागलं तर उपास. त्या चित्रांवर ब्रशची खूण दिसता कामा नये. काचेसारखं गुळगुळीत, प्रत्येक बटण मोजून घ्यावं असं. निसर्गासमोर बसून केलेलं झटपट काम चित्रकार करायचे, सगळेच करायचे, पण ते कच्चं टिपण म्हणून स्टुडिओत ठेवायचं. त्यावरून मग महिनोन्‌महिने खपून ‘खरं’ चित्र बनवायचं.

‘इंप्रेशन’ हा शब्दही चित्रकारांच्या बोलण्यातलाच, मोनेनं शोधलेला नव्हे. एखादं दृश्य पाहताक्षणी मनावर जो ठसा उमटतो, तो टिपणारं झटपट चित्र म्हणजे इंप्रेशन. हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर कच्च्या खात्यातली नोंद. मोनेचा अपराध एवढाच की त्यानं कच्चं खातं थेट लोकांसमोर मांडलं, खाली सही ठोकली आणि म्हणाला, हेच चित्र आहे.

ह्याच शब्दावरून पुढे ‘इंप्रेशनिझम’ हे नाव पडलेल्या चित्रशैलीला मराठीत ‘दृक्प्रत्ययवाद’ म्हणतात. शब्द विद्वानांनी विचार करून घडवलाय, चुकीचाही नाही, पण तो उच्चारेपर्यंत सूर्य डोक्यावर येतो. आपण ‘ठसा’ लक्षात ठेवू.

हे काम त्याच वेळी जमलं ह्याला एक अगदी व्यवहारी कारणही होतं. 1841 साली जॉन गॉफ रँड ह्या अमेरिकन चित्रकारानं रंग भरून ठेवायची मऊ धातूची नळी काढली, टूथपेस्टसारखी पिळायची. त्याआधी तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवत. पिशवी फुटली की कपडे गेले, उघडी राहिली की रंग वाळला. नळी आल्यावर रंगांचं अख्खं दुकान पिशवीत टाकून बाहेर पडता येऊ लागलं. सूर्योदय गाठायचा तर रंग घोटत बसायला वेळ कुणाला होता?

थट्टेतून पडलेलं नाव

सालोंच्या निवडीला कंटाळलेल्या तीसेक कलावंतांनी मिळून आपली एक संस्था काढली आणि स्वतःचं प्रदर्शन भरवलं. 15 एप्रिल 1874, पॅरिस, बुलव्हार दे काप्युसीन, क्रमांक 35. नादार ह्या प्रसिद्ध फोटोग्राफरचा जुना स्टुडिओ. तिकीट एक फ्रँक. मोने, रन्वार, पिसारो, देगा, बेर्त मोरिझो, सेझान असे सगळे त्यात होते.

कॅटलॉगचं काम रन्वारच्या भावाकडे होतं. मोनेनं पुढे सांगितलेली हकिकत अशी: चित्राचं नाव काय लिहू असं विचारलं तेव्हा त्याला वाटलं, ह्याला काही ‘ल आव्रचा देखावा’ म्हणता येणार नाही. मग तो म्हणाला, ‘इंप्रेशन’ लिहा. कॅटलॉगमध्ये 98 क्रमांकावर ते तसं छापलं गेलं. गंमत म्हणजे त्याच कॅटलॉगात, फक्त दोन क्रमांक अलीकडे, मोनेचंच दुसरं चित्र होतं: ल आव्रच्या बंदरातून बाहेर पडणाऱ्या मासेमारी होड्या. तिथे गावाचं नाव आहे, कामाचं नाव आहे. ह्या चित्रातून मात्र नाव देताना गावही गेलं आणि कामही. उरला सूर्योदय. तेव्हापासून आपण सगळे सूर्याकडेच बघत बसलो आहोत.

दहा दिवसांनी, 25 एप्रिलला, ‘ल शारिव्हारी’ ह्या विनोदी पत्रात लुई लरुआ ह्या लेखकाचा उपरोधिक लेख आला. लरुआ स्वतः चित्रकार होता, त्यामुळे कुठे बोचकारायचं ते त्याला बरोबर माहीत. त्यानं एक जुन्या वळणाचा काल्पनिक चित्रकार उभा केला, जो प्रदर्शन पाहता पाहता हळूहळू वेडा होत जातो. मोनेच्या चित्रापुढे आल्यावर तो म्हणतो, भिंतीला लावायचा कागद नुकता आकार घेत असतो ना, तोसुद्धा ह्या समुद्रचित्रापेक्षा जास्त पूर्ण असतो! लेखाचं शीर्षक होतं ‘इंप्रेशनिस्टांचं प्रदर्शन’.

चारच दिवसांनी कास्तान्यारी ह्या समीक्षकानं तोच शब्द गंभीरपणे वापरला. त्याचं म्हणणं साधारण असं: हे लोक देखावा रंगवत नाहीत, देखाव्यामुळे होणारी संवेदना रंगवतात. एकशे पन्नास वर्षांत ह्याहून नेमकी व्याख्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. 1877 च्या तिसऱ्या प्रदर्शनापर्यंत ह्या मंडळींनीच ती शिवी बिरुद म्हणून लावून घेतली. आपल्याकडे आडनावं अशीच पडलेली असतात. कुणीतरी हसण्यासाठी म्हटलेलं पिढ्यान्‌पिढ्या दारावरच्या पाटीवर राहतं.

सूर्य थरथरतो कसा

आता अंगठा काढा. सूर्याकडे परत या, कारण त्यातही एक भानगड आहे.

मोबाइलवर त्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्या आणि एडिटमध्ये जाऊन रंग पूर्ण काढून टाका, कृष्णधवल करा. सूर्य जवळजवळ गायब होतो! मी पहिल्यांदा केलं तेव्हा मोबाइल बिघडला असं वाटलं. होडी दिसते, तिची सावली दिसते, पण सूर्याच्या जागी नुसता करडा.

ह्याचा अर्थ असा, की मोनेनं सूर्याचा रंग वेगळा ठेवला पण उजेड आजूबाजूच्या ढगाइतकाच ठेवला. रंग आणि उजेड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळा लिंबू आणि पांढरी बशी ह्यांचा उजेड जवळपास सारखा असू शकतो, रंग वेगळा.

हार्वर्डमधल्या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासक मार्गारेट लिव्हिंगस्टोन ह्यांनी ह्याचं स्पष्टीकरण दिलंय. डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूत, ढोबळमानानं, दोन वाटांनी जाते. एक वाट उत्क्रांतीत जुनी. तिला रंग कळत नाहीत, फक्त उजेड-अंधार कळतो, आणि त्यावरून ती वस्तू कुठे आहे, हलते आहे का, किती लांब आहे हे ठरवते. दुसरी वाट नवी. तिला रंग कळतात आणि ही वस्तू काय आहे हे ती ओळखते. मोनेच्या सूर्यापाशी नवी वाट म्हणते, ‘हा बघ सूर्य, चांगला नारिंगी.’ जुनी वाट म्हणते, ‘कुठे? मला तर इथे काहीच दिसत नाही.’ सूर्य आहे हे कळतं, पण तो नेमका कुठे टेकलाय हे मेंदूला पक्कं करता येत नाही. म्हणून तो तरंगल्यासारखा, थरथरल्यासारखा भासतो. खऱ्या आकाशात सूर्य ढगापेक्षा कितीतरी उजळ असतो. मोनेनं तसा उजळ रंगवला असता तर तो बालवाडीतल्या चित्रातल्यासारखा जागच्या जागी बसून राहिला असता.

मोनेला मेंदूतलं हे काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. त्याला डोळा होता, आणि धुक्यातला सूर्य त्यानं मनसोक्त पाहिला होता. 1870 मध्ये फ्रान्स आणि प्रशिया ह्यांच्यात युद्ध पेटलं तेव्हा तो लंडनला निघून गेला होता आणि तिथे टेम्सवरचं धुकं त्यानं रंगवलं होतं.

दुसरी युक्ती रंगांच्या शेजाराची. नारिंगी आणि निळा हे एकमेकांच्या विरुद्ध टोकाचे रंग. शेजारी आले की दोघंही जास्त भडक वाटतात. ह्याचा नियम 1839 साली शेव्हरल ह्या रसायनशास्त्रज्ञानं मांडला. तो गोबलँ इथल्या सरकारी विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा धागा फिका पडतो अशी विणकरांची तक्रार आली. त्यानं तपासलं तर धाग्याचा रंग ठीक होता, दोष शेजारच्या धाग्याच्या रंगाचा होता! साडीच्या दुकानात ब्लाउजपीस साडीवर ठेवून, वर दारापाशी उजेडात नेऊन पाहणाऱ्या बायकांना हा नियम शेव्हरलशिवायच माहीत असतो. मोनेनं एवढा मोठा निळा-करडा पडदा टाकला तो त्या चिमूटभर नारिंगीसाठी. ती टिकली बाजूला काढून पांढऱ्या कागदावर ठेवली तर अगदी साधी दिसेल.

तारीख कशी सापडली

चित्रावर डाव्या कोपऱ्यात सही आहे आणि पुढे ‘72’. तरी अभ्यासकांत वाद होता: खरंच 1872 चं की 1873 चं? सूर्योदय की सूर्यास्त? वाद मिटला तो कलासमीक्षेनं नव्हे, बंदराच्या कामकाजाच्या नोंदींनी आणि खगोलशास्त्रानं. माझ्या मते ह्या चित्राची सगळ्यात रंजक गोष्ट ही आहे. 2014 साली पॅरिसच्या मार्मोताँ मोने संग्रहालयानं ह्या चित्रावर प्रदर्शन भरवलं, त्यासाठी टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीतले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन ह्यांनी हा तपास केला.

पहिला प्रश्न, मोने उभा कुठे होता? जुने नकाशे आणि फोटो जुळवून दिसलं की तो ग्रां के नावाच्या धक्क्यावरच्या अमिरोते हॉटेलच्या खिडकीत होता, तोंड आग्नेयेला. आग्नेयेला क्षितिजाजवळ सूर्य मावळणार नाही. म्हणजे सूर्योदयच, वाद मिटला. वडील 1871 च्या जानेवारीत वारले होते, आणि ज्या गावात तो लहानाचा मोठा झाला तिथे आता हॉटेलात उतरला होता.

दुसरा, सूर्य नेमका कुठे? चित्रात दिसणाऱ्या बंदरातल्या बांधकामांच्या मानानं सूर्याची दिशा मोजता येते. तो क्षितिजापासून दोन-तीन अंश वर आहे, म्हणजे उगवून वीस-तीस मिनिटं झाली आहेत. सूर्य रोज त्याच जागी उगवत नाही, हे आपल्याला दक्षिणायन-उत्तरायणामुळे माहीतच आहे. ल आव्रच्या त्या खिडकीतून सूर्य नेमका त्या जागी दिसायचे दिवस वर्षातून दोनदा येतात: दक्षिणेकडे सरकताना नोव्हेंबरच्या मध्याला आणि परत फिरल्यावर जानेवारीच्या शेवटाकडे.

तिसरी गाळणी पाण्याची. त्या दिवसांपैकी सूर्योदयाच्या सुमाराला भरती कधी होती? दरवाजे उघडे, मोठी जहाजं वाटेत, हे फक्त त्याच दिवशी शक्य. बहुतेक तारखा इथेच गळाल्या.

मग हवामानाच्या जुन्या नोंदी. वादळ-पावसाचे दिवस वगळले. आणि शेवटी तो धूर. धुराडांतला धूर डावीकडून उजवीकडे चाललाय. आग्नेयेला तोंड करून उभ्या माणसाच्या डावीकडे पूर्व येते, म्हणजे वारा पूर्वेचा. त्या दिवशीच्या वाऱ्याच्या नोंदी काढल्या. शेवटी दोन तारखा उरल्या: 13 नोव्हेंबर 1872 आणि 25 जानेवारी 1873. सहीपुढचा ‘72’ जमेला धरला तर पहिली. वेळ सकाळी साडेसातच्या जरा पुढे, 7 वाजून 35 मिनिटांच्या आसपास.

विचार करा, ज्या चित्राला ‘काहीच धड काढलेलं नाही’ म्हणून लोक हसले, त्यातून सूर्याचा कोन मिळाला, भरतीची वेळ मिळाली, वाऱ्याची दिशा मिळाली. भिंतीवरच्या कागदाकडून एवढी माहिती निघत नाही. मोनेनं दोरखंड गाळले, माणसांचे चेहरे गाळले, पण बंदर कसं चालतं ह्यातलं काहीही खोटं लिहिलं नाही. पोरवयापासून पाहिलेलं होतं, हात चुकला नाही.

काही इतिहासकार ह्या धुराडांत आणि क्रेनमध्ये देशाभिमान वाचतात. 1871 मध्ये फ्रान्स प्रशियाकडून हरला होता, अल्सास आणि लोरेनचा काही भाग गेला होता, 500 कोटी फ्रँकची खंडणी डोक्यावर होती. अशा वेळी जोमानं कामाला लागलेलं बंदर आणि वर उगवता सूर्य, म्हणजे उभा राहणारा देश. मला हे अर्धंच पटतं. बंदर कामाला लागलेलं आहे हे खरं, पण मोनेनं देशाचा विचार करायला किती वेळ काढला असेल? पाणी थोड्या वेळात उतरणार होतं.

धुक्याबद्दल मात्र एक गोष्ट सांगायला हवी. ते सगळं निसर्गानं दिलेलं नाही. इंग्रज चित्रकार टर्नर आणि मोने ह्यांची सुमारे 100 चित्रं तपासून 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की कोळशाचा धूर जसजसा वाढला तसतशी त्यांची चित्रं अधिक धूसर आणि फिकट होत गेली. ज्या नोव्हेंबरातल्या सकाळी दिल्ली-मुंबईत आपण खोकत उठतो, तसल्या सकाळींचा ह्या सौंदर्यात वाटा आहे.

पुढे चित्राचं काय झालं

थोडक्यात सांगतो. प्रदर्शनानंतर एर्नेस्त ओशदे ह्या कापड व्यापाऱ्यानं ते 800 फ्रँकना घेतलं. चार वर्षांत त्याचं दिवाळं निघालं आणि 1878 च्या लिलावात ते 210 फ्रँकना गेलं. घेणारे जॉर्ज द बेलियो, रुमानियातून आलेले होमिओपॅथीचे डॉक्टर. ओशदेची बायको अॅलिस पुढे मोनेची दुसरी बायको झाली, पण ती कथा ह्या लेखात बसत नाही. डॉक्टरांच्या मुलीकडून 1940 साली चित्र मार्मोताँ संग्रहालयाला मिळालं. 27 ऑक्टोबर 1985 च्या रविवारी हत्यारबंद चोर भर दिवसा आत शिरले आणि ते आणखी आठ चित्रांसह घेऊन गेले. पाच वर्षांनी, 1990 च्या डिसेंबरात, ती चित्रं कॉर्सिकात सापडली. आता ते पॅरिसमध्ये आपल्या जागी आहे.

ज्या खिडकीतून ते रंगवलं ती खिडकी मात्र नाही. सप्टेंबर 1944 मधल्या बॉम्बहल्ल्यांत ल आव्रचा जुना मध्यभाग जमीनदोस्त झाला, त्यात ग्रां केचा तो धक्काही गेला. ऑग्युस्त पेरे ह्या वास्तुविशारदानं काँक्रीटमध्ये नवं शहर उभं केलं.

13 नोव्हेंबर धरून चाललो, तर दुसऱ्या दिवशी मोनेला बत्तीस पुरे होणार होते. ब्रश पुसून तो खिडकीतून बाजूला झाला असेल तोवर सूर्य वर गेलेला, धुकं विरलेलं. थोड्या वेळानं पाणी उतरू लागलं असणार, दरवाजे ओढून घेतले असणार. पुढच्या होडीतला उभा माणूस तेव्हा कुठल्या धक्क्याला लागला होता कोण जाणे, त्याचा दिवस तर आत्ता कुठे सुरू झाला होता.